आजीचे माहेरचे आडनाव
(महिला व कागदपत्रे या विषयावरील कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नागरिकत्वाचा प्रश्न आपल्या बैठकांत येतो तो बहुधा नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या कागदावरून. मी आज आजीविषयी बोलणार आहे, आणि तीही आयरिश. लंडनमधल्या एका सल्ला केंद्रात मी काही वर्षे काम केले. 2016 साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि आयरिश आजी-आजोबांचे कागद शोधणाऱ्यांची आमच्याकडे रीघ लागली. आयरिश पासपोर्ट असला की युरोपात राहण्याचा, काम करण्याचा हक्क टिकतो.

कायदा असा. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर, म्हणजे उत्तर आयर्लंडसह, जन्मलेले असतील तर परदेशात जन्मलेल्या नातवंडाला नागरिक होता येते. मधल्या पिढीला ते आपोआप मिळते. नातवंडाला मात्र परदेशातील जन्मांच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. 1956 च्या कायद्याने आई आणि बाप दोघांकडून येणारे नागरिकत्व मान्य केले. ब्रिटनमध्ये आईला हा हक्क 1983 मध्ये मिळाला. आपल्या 1955 च्या कायद्यात तर परदेशात जन्मलेले मूल भारतीय ठरे ते फक्त बापामुळे. तिथे आई यायला 1992 साल उजाडले.

पण कायद्यात आजोबांच्या बरोबरीला बसलेली आजी कागदांत सापडत नाही. आजोबांचे आडनाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. आजीचे लग्नागणिक बदलते आणि प्रत्येक बदलाचा दाखला लागतो. त्यात ब्रिजेट नावाची मुलगी घरात ब्रायडी, नाहीतर डीलिया! आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद 1864 पासून आहे आणि तीत आईचे माहेरचे आडनाव लिहितात. दहा ब्रिजेटांतून आपली ब्रिजेट ओळखायची ती त्यावरून. इंग्लंडच्या लग्ननोंदीत मात्र वधूवरांच्या बापांचीच नावे असत; आयांची आली 2021 मध्ये. हसू नका, कागदोपत्री आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो 2024 मध्ये.

एक बाई आली, सात महिन्यांची गरोदर. हे नागरिकत्व नोंदीच्या दिवसापासून लागू होते, अर्जदाराच्या जन्मापासून नव्हे. म्हणून बाळंतपणाआधी नोंद झाली तरच बाळाला पुढे हक्क. लवकर निकालाची विनंती आम्ही केली, पण अडले दुसरीकडेच. तिची आजी 1950 च्या दशकात मेयो परगण्यातून इंग्लंडला इस्पितळात झाडलोट करायला आलेली. लग्न झाले, मूल झाले. नवरा मारी. ती मुलीला घेऊन बाहेर पडली, दुसऱ्या माणसाबरोबर राहिली आणि त्याचे आडनाव लावूनच वारली. आयर्लंडमध्ये 1997 पर्यंत घटस्फोट नव्हता. इंग्लंडमध्ये मिळाला असता, पण गावाकडच्यांच्या भीतीने तिने मागितला नाही. तेव्हा दुसऱ्या लग्नाचा दाखला कुठून आणणार? अर्जदाराच्या आईला सारे ठाऊक होते. "माझ्या आईची अब्रू सरकारला कशाला दाखवू?" असे म्हणून ती गप्प बसली होती.

अर्ज भरणे कुणालाही शिकवता येते. हे गप्प बसणे कसे हाताळायचे, ते आपल्याला आपल्या मारहाणीच्या केसेसमधून माहीत आहे. मी तिच्याजवळ तीनदा बसले, कागदांविषयी न बोलता. चौथ्यांदा तिने स्वतःच आईचा मृत्यूचा दाखला आणला. इंग्लंडमध्ये 1969 पासून त्यात जन्मतारीख, जन्मस्थळ आणि विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव लिहितात. आजीचे होते, मेयोसह. मायलेकींनी प्रतिज्ञापत्र जोडले की आडनाव वापराने बदलले, लग्नाने नव्हे. त्यात मारहाणीचा शब्द नाही, लागलाही नाही. नोंद झाली आणि अकरा दिवसांनी बाळ जन्मले.

गोव्याच्या मैत्रिणींना पोर्तुगालच्या नोंदींमुळे ही धावपळ परिचयाची असेल. आपल्याकडच्या छावण्यांत आणि रेल्वेत आयरिश माणसे होती, तेव्हा खडकी-देवळालीतली एखादी बाई असा दाखला घेऊन तुमच्याकडेही येईल. आजोबा स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले की त्यांचा बाप, हे आधी विचारा. दुसरे म्हणजे, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने तिकडे नाव नोंदले की इथले नागरिकत्व संपते, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे तिला अर्जावर सही करण्यापूर्वी सांगा, आणि तिच्या मुलाला किंवा नवऱ्याला नव्हे, तिलाच सांगा.