गाडी भंगारातली, पण आपली

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस वेचून घरात आला की आपण भावाची चर्चा करतो. पण भाव असतो बाजारात आणि कापूस असतो घरात. मधले १०-१५ किलोमीटर कोण पार करणार? खेडा खरेदीवाला टेम्पो घेऊन दारात उभा राहतो. काटा त्याचा, वाहन त्याचे, म्हणून भावही त्याचाच. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी चालू होती तेव्हा कापूस कुणाला घालायचा हे सरकार ठरवत होते. ती खरेदी आज राहिलेली नाही. पण माल हलवायची सोय नसेल तर हे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

नवी ट्रॉली घ्यायची तर कर्ज आले, आणि कर्ज फिटेपर्यंत ट्रॉली सावकाराची. अनुदानाची वाट पाहावी तर हंगाम निघून जातो. ज्यांच्या दावणीला बैलजोडी आहे, त्यांच्यासाठी तिसरा रस्ता आहे. मोडीत निघालेल्या जीप-टेम्पोची चाके आणि आस घेऊन टायरची गाडी गावातच बांधता येते. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद. काळ्या मातीत ती रुतते आणि ओढ बैलाच्या खांद्यावर येते. टायर आणि बेअरिंगमुळे ही ओढ कमी होते. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांतसुद्धा हवेच्या टायरच्या दुचाकी गाडीला बिनटायरच्या गाडीच्या दीडपट ओझे धरले आहे.

आता भंगारात काय पाहायचे ते सांगतो. चाक, तुंबा आणि आस एकाच वाहनाचे घ्या, नाहीतर नटबोल्ट जुळवण्यातच पैसे जातात. आस ठोकळ्यावर ठेवून चाक फिरवा आणि कडेजवळ खडू धरा. खडू कुठे लागतो आणि कुठे सुटतो, यावरून आस किंवा रिम वाकली आहे का ते कळते. बेअरिंग डिझेलने धुऊन पाहा. खड्डे पडलेले किंवा तापून निळे झालेले फेकून द्या. लोखंड जुने चालेल. बेअरिंग, ऑइल सील आणि नट मात्र नवेच घ्या. दोन्ही टायर एका मापाचे हवेत. भंगारवाल्याकडून पावती घ्यायला विसरू नका. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर चौकीत उभे राहावे लागते ते आपल्याला.

साटा लोखंडी चॅनेलचा करा आणि वर बाभळीच्या फळ्या टाका. साट्याला आस वेल्डिंगने चिकटवू नका. वेल्डिंगच्या तापाने कडक पोलाद ठिसूळ होते आणि भरल्या गाडीखाली तुटते. यू बोल्टने आवळा. त्याचा आणखी एक फायदा आहे: आस पुढे-मागे सरकवता येते.

हे सरकवणेच सगळ्यात महत्त्वाचे. आस फार पुढे बसली तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. फार मागे बसली तर सगळा भार खांद्यावर येतो आणि खांदा सुजतो. म्हणून बैल जुंपण्याआधी गाडी भरा आणि जू उचलून पाहा. दोन माणसांना ते सहज उचलले पाहिजे आणि सोडले की खाली आले पाहिजे. यू बोल्ट सैल करायचा तर आधी गाडी रिकामी करा.

आपला माल कापूस आणि कडबा. दोन्ही फुगीर. म्हणून उभाऱ्या मजबूत हव्यात, पण गाडी उंच रचण्यापेक्षा साटा लांब करणे बरे. उंच गाडी बांधावर कलंडते. टायरची गाडी हलकी पळते, म्हणून उतारावर ती बैलांच्या अंगावर जाते. चाकावर दाबणारा लाकडी ठोकळ्याचा ब्रेक बसवल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नका. मागे लाल रेडियम लावा. रात्री मागून येणाऱ्या ट्रकला कापसाची गाडी दिसत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बैल ओढतात तोवर ही बैलगाडी आहे. ट्रॅक्टरला जोडली की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती ट्रेलर ठरते, आणि नोंदणी लागते. उत्तरेत इंजिन बसवून चालवतात त्या जुगाड गाड्यासुद्धा मोटार वाहनच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. कायदा बदलावा असे वाटत असेल तर तशी मागणी करू. पण बिननोंदणीच्या ट्रेलरखाली कुणी सापडले तर भरपाईपायी जमीन विकावी लागेल. विमा कंपनी तेव्हा मदतीला येणार नाही.

ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत त्यांचे काय? ३-४ घरांनी मिळून एक गाडी बांधावी. बैल एकाचे, लोखंड दुसऱ्याचे, वेल्डिंगची मजुरी तिसऱ्याची. गावचा सुतार आणि लोहार यांनाही काम मिळेल. कुणाचा माल कोणत्या दिवशी जाणार हे वेचणी सुरू होण्याआधीच ठरवून घ्या, म्हणजे ऐन हंगामात भांडण नको.

१० क्विंटल कापूस स्वतःच्या गाडीत भरला म्हणजे भाव वाढतो असे आम्ही म्हणत नाही. पण दारात आलेल्या व्यापाऱ्याला 'आम्ही बाजारात विचारून येतो' एवढे तरी सांगता येते. आणि ते सांगता आले की तोही आपला भाव पुन्हा एकदा मोजतो.