दोन चाके आणि एक कुलूप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर आपण संतसाहित्य, नाट्यसंगीत, मराठी माणसाचे स्थलांतर अशा विषयांवरील व्याख्याने ऐकलीत. आज आम्ही मोटारीच्या मागल्या आसाविषयी बोलणार आहोत, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आम्ही अभियंते नव्हे. कलाशाखेची पदवी आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील तीन दशकांची नोकरी, एवढीच आमची शिदोरी. परंतु या नोकरीने आम्हांस डोंगराळ मुलुखात पुष्कळ हिंडविले, आणि चिखलात रुतलेल्या जीपगाडीभोवती उभे राहून चालकांची चर्चा ऐकण्याचा योगही अनेकदा आणला. त्यातून जागे झालेले कुतूहल अलीकडे एका निमित्ताने पुन्हा वर आले.

आमचा पुतण्या अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो. त्याच्यापाशी टोयोटा कंपनीचा टॅकोमा नावाचा 2012 सालचा पिकअप ट्रक आहे. त्याच्या मागल्या डिफरन्शियलला विजेवर लागणारे कुलूप आहे. या कुलपाच्या जोडणीत त्याला एक फेरबदल करावयाचा होता, आणि त्याबाबत त्याने आमचे मत विचारले. अभिप्राय लिहिण्यापूर्वी प्रकरण मुळापासून वाचावे, ही कचेरीची शिस्त आमच्या अंगी मुरलेली आहे. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम हे डिफरन्शियल म्हणजे काय, ते पाहू. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर असली तरी प्रत्येक चाक आपापले सुटे फिरते; ओढण्याचे काम बैलांचे. त्यामुळे वळणावर एक चाक अधिक फिरले आणि दुसरे कमी, तरी गाडीवानास त्याची वार्ताही नसते. मोटारीत मात्र इंजिनाने चाकांनाच फिरवावयाचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली तर वळणावर पंचाईत होते. संचलनातील एखादी रांग वळताना आपण पाहिली असेल. आतला जवान जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. चाकांचेही तसेच आहे. दोन चाकांत 1.6 मीटर अंतर असेल, तर गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेईपर्यंत बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 10 मीटर अधिक चालते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. काटकोनात एकदा वळले, तर अडीच मीटर.

हा फरक सांभाळणारी दंतचक्रांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्योर या घड्याळजीने 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. पुढे त्याच शतकाच्या आठव्या दशकात इंग्लंडातील जेम्स स्टार्ली यांनी तीनचाकी सायकलीसाठी ही युक्ती वापरली. मोटारी आल्या तेव्हा ती सज्जच होती.

या पेटीचा गुण हाच तिचा दोषही आहे. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. परंतु फिरविण्याचा जोर मात्र दोघांना सारखाच वाटते. एक चाक बर्फावर किंवा शेवाळलेल्या दगडावर आले की त्याला भूमीचा आधार जवळजवळ उरत नाही. आधारच नसल्याने त्याच्यावर जोर लागूच शकत नाही. ते नुसते गरगरते. आणि जोराची वाटणी समसमान असल्यामुळे, कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षुल्लक जोर मिळतो. धडधाकट चाक स्वस्थ उभे आणि निराधार चाक घिरट्या घालते, असे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी घाटात पावसाळ्यात पाहिले असेल.

यावरचा उपाय म्हणजे कुलूप. पुतण्याच्या ट्रकमध्ये मागल्या आसाच्या हाउसिंगवर एक छोटी विजेची मोटर बसविलेली आहे. चालकाने बटण दाबले की ती मोटर एक काटा सरकविते, काटा दातेरी कडे सरकवितो, आणि ते कडे डिफरन्शियलची पेटी व चाकाकडे जाणारा दांडा यांना एकत्र जखडते. मग दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. एक बर्फावर असले तरी दुसरे गाडी बाहेर काढते. दाते जुळेपर्यंत समोरच्या फलकावरील दिवा लुकलुकतो आणि कुलूप लागले की स्थिर होतो. आपल्या देशातही ही सोय आता अपरिचित राहिलेली नाही. 2022 मध्ये भारतात आलेल्या टोयोटा हायलक्स या पिकअपला मागल्या आसाचे असे विजेचे कुलूप आहे.

आता वादाचा मुद्दा. 2005 ते 2015 या काळातील टॅकोमात हे कुलूप केव्हाही लागत नाही. चारही चाकांना जोर देणारी चाल घ्यावी, तीतही ट्रान्सफर केस 'लो'मध्ये टाकावी, म्हणजे गाडीचा वेग सुमारे अडीच पट घटतो, तेव्हाच नियंत्रकपेटी कुलपाच्या मोटरीस आज्ञा देते. अन्य वेळी बटण दाबले तरी काही घडत नाही.

मालकांना हे जाचते, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. भुसभुशीत वाळूत गाडीला वेगाचा रेटा हवा असतो. 'लो'मध्ये इंजिन नुसते ओरडते आणि रेटा मिळत नाही. नाव लादलेला ट्रेलर ओल्या उतारावरून वर ओढताना पुढली चाके न जुंपता केवळ मागल्या दोन चाकांचे कुलूप पुरेसे असते. म्हणून हौशी मंडळींनी युक्ती काढली. ट्रान्सफर केस 'लो'मध्ये आहे, ही वर्दी नियंत्रकपेटीला एका तारेतून मिळते. ती वर्दी निराळे बटण बसवून आपणच द्यावयाची. पेटी समजते की गाडी 'लो'मध्ये आहे, आणि कुलूप लावते. खर्च किरकोळ, काम एका दुपारचे. आमच्या पुतण्यास नेमके हेच करावयाचे होते.

कारखानदाराने हे बंधन का घातले असावे? कारणे त्याच्याच पुस्तिकेत शोधता येतात. कुलूप लावून ताशी 8 किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ नये, असे ती सांगते. जखडलेली चाके वळू मागत नाहीत; सुकाणू फिरविले तरी गाडी सरळ रेटा देते. डांबरी रस्त्यावर वळणातील तो फरक कोठे तरी भागवावाच लागतो. तो टायर घासून आणि दांड्यांवर ताण देऊन भागतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, कुलूप लागताच चाके न अडकू देणारी ब्रेकची यंत्रणा, म्हणजे एबीएस, आणि गाडीचा तोल सावरणारी यंत्रणा बंद होतात. दोन चाके एकमेकांस बांधलेली असताना प्रत्येकाचा वेग निराळा मोजून त्याचा ब्रेक सोडणे-धरणे शक्य राहत नाही. मंदगतीच्या 'लो'मध्ये या उणिवेने विशेष बिघडत नाही. बर्फाळ हमरस्त्यावर ताशी 60 च्या वेगाने हीच उणीव जिवावर बेतू शकते. 'लो'ची अट म्हणजे वास्तविक वेगाचीच अट होती. ती केवळ गिअरच्या वेषात उभी होती.

येथे दुसऱ्या एका कारखानदाराचे उदाहरण बोलके आहे. फोर्ड कंपनीच्या एफ-150 पिकअपमध्ये असेच कुलूप केवळ मागली दोन चाके चालत असतानाही लावता येते. परंतु वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते आपोआप सुटते. म्हणजे एका कंपनीने पहारा गिअरपाशी ठेवला आणि दुसरीने वेगापाशी. पहारा कोणीच उठविला नाही. तार जोडणारा हौशी माणूस मात्र पहारा उठवितो आणि त्या जागी कोणास उभे करीत नाही. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे.

कायद्याचे काय, असा प्रश्न सरकारी माणसाच्या मनात येणारच. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 52 वाहनातील फेरबदलांस आवर घालते. अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूने बोलतो. केवळ फेरबदल केला म्हणून कंपनीला सगळी हमी झटकून टाकता येत नाही, त्या फेरबदलानेच बिघाड झाला असे तिला दाखवावे लागते. परंतु कायदा सांगतो तो दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा एवढाच. उतारावर गाडी घसरली तर आत कोण बसले असेल, हे तो सांगत नाही.

म्हणून आम्ही पुतण्याला तारेविषयी काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच, की हा ट्रक आणखी कोण चालविते? तो म्हणाला, हिवाळ्यात सूनबाई त्यातूनच कामावर जाते. तिला या बटणाची माहिती आहे का? नव्हती. उद्या हा ट्रक विकलास तर घेणाऱ्याला ती कोण देणार? यावर तो काही वेळ गप्प राहिला.

मग आम्ही अभिप्राय दिला, तो कचेरीतील टिपणाच्या धाटणीने. बदल करावयाचाच तर मूळ तार कापू नये. काढता-घालता येईल अशी जोडणी मधे बसवावी, म्हणजे ट्रक हवा तेव्हा पूर्ववत करता येईल. फ्यूज घालावा. सांधे पाण्यापासून झाकावे. बटणावर उचलावे लागणारे टोपण असावे, म्हणजे चुकून हात लागून ते दाबले जाणार नाही. कुलूप गाडी उभी असताना किंवा अगदी मंद असताना, सुकाणू सरळ ठेवून लावावे. चाक गरगरत असताना कदापि लावू नये. पक्का रस्ता लागण्यापूर्वी ते सोडावे, आणि दिवा विझल्याची खात्री केल्यावाचून वेग वाढवू नये. हे सारे एका कागदावर लिहून सनव्हायझरला चिकटवावे, आणि सूनबाईस मोकळ्या मैदानात प्रत्यक्ष दाखवावे. त्याने तसे केले. तिने मैदानात स्वतः कुलूप लावून वळण घेऊन पाहिले, आणि गाडी कशी सरळ रेटते ते अनुभवले. त्यानंतर टोपणावर तिने स्वतःच्या हाताने 'फक्त अडकल्यावर' अशी देवनागरीत चिठ्ठी लावली, असे पुतण्याने कळविले.

मित्रहो, नोकरीत आम्ही असंख्य नियम पाहिले. काही जुनाट, काही निरर्थक, काही मोडावेत असेही. परंतु यंत्रातला असो वा फायलीतला, नियम बहुधा कोणाच्या तरी धास्तीतून जन्मलेला असतो. त्या अनाम माणसाने आपल्या वतीने काळजी वाहिलेली असते. नियम काढावयाचा तर ती काळजी आपण उचलली पाहिजे. आणि आपल्यामागून ज्याच्या हाती चाक येणार आहे त्यालाही ती समजावून दिली पाहिजे. एवढे करणाऱ्याने खुशाल तार जोडावी. ज्याला तेवढे जमणार नाही त्याने कारखानदाराच्या पहाऱ्यावर विसंबावे; त्यात कमीपणा काही नाही.