कॅमेरा ठाण्याच्या आतही हवा



पोलीस हा राज्याचा विषय, तरी आधुनिकीकरणासाठी केंद्राचं अनुदान मिळतं. शिवाय गाड्या, सीसीटीव्ही यांच्या मागण्या जिल्हा नियोजन समितीकडे जातात. म्हणजे या पैशाबद्दल वाशीममध्ये बसूनही विचारता येतं.

चौकात कॅमेरे लागोत, हरकत नाही. पण 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतही, कॅमेरे लावायला सांगितलं. सोबत आवाज हवा, आणि चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष जपायला हवं.

मी सॉफ्टवेअरवाला. हार्डडिस्क लहान असली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, कुणाला हातही लावावा लागत नाही. म्हणून कॅमेरे किती, एवढंच मोजू नका. साठवण किती दिवसांची आणि देखभालीला पैसा ठेवलाय का, ते विचारा. याच निकालानुसार जिल्हा देखरेख समिती असते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक तिचे सदस्य. तिची बैठक कधी झाली? सहाही तालुक्यांतून माहितीच्या अधिकारात एकेक अर्ज जाऊ द्या.

यात निर्दोष पोरगा वाचतो, तसा प्रामाणिक पोलीसही. साक्ष लपवू नये, ही आपली शिकवण. ती पुसलीही जाऊ नये, एवढंच मागू या.