वजन उतरविणारे औषध आणि त्याचे माप

कंपाउंडर हा शब्द मराठी घरांत इतका रुळलेला होता की, तो इंग्रजी आहे याची कोणाला आठवणही होत नसे. डॉक्टरांच्या खोलीशेजारच्या लहानशा खिडकीमागे हा गृहस्थ उभा असे. चिठ्ठी वाचून दोनतीन औषधांचे मिश्रण करावे, ते बाटलीत भरावे आणि बाटलीला कातरलेल्या कागदाची एक पट्टी चिकटवून द्यावी, हे त्याचे काम. पट्टीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचे औषध म्हणजे एक वेळची मात्रा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ती पट्टी वाचता येई. पुढे कारखान्यातून तयार गोळ्या येऊ लागल्या आणि ही विद्या आपल्याकडे मागे पडली. अमेरिकेत मात्र ती कायद्याने मान्य केलेला व्यवसाय म्हणून टिकून राहिली, आणि गेल्या काही वर्षांत वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनांच्या निमित्ताने तिच्याविषयी मोठा वाद उत्पन्न झाला.

या व्यवसायाची गरज खोटी नाही. एखाद्या बालकाला गोळी गिळता येत नाही, एखाद्या रुग्णाला गोळीतील रंग सोसत नाही. अशा वेळी औषधविक्रेता डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे त्या एका रुग्णापुरते औषध वेगळे तयार करून देतो. मात्र असे मिश्रण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासून संमत केलेले नसते, कारण प्रत्येक बाटलीची तशी परीक्षा करणे शक्यच नाही. ही सवलत एकेका रुग्णासाठी होती. लाखो लोकांना हवे असलेले औषध तिच्या वाटेने येऊ लागले, आणि अडचणीला तेथून आरंभ झाला.

ते औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. जेवण झाल्यावर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची सूचना देते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूला तृप्तीची जाणीव करून देते. हे नैसर्गिक द्रव्य रक्तात काही मिनिटेच टिकते. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क या कंपनीने त्याच्यासारखेच, पण पुष्कळ काळ टिकणारे द्रव्य तयार केले. ते रक्तात निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच पुरते. अमेरिकेत २०१७ साली मधुमेहासाठी ओझेम्पिक या नावाने आणि २०२१ साली वजनासाठी वेगोवी या नावाने त्याला संमती मिळाली. एली लिली या कंपनीचे टिर्झेपाटाइड हे त्याच जातीचे दुसरे औषध.

जेथे दर दहा प्रौढांपैकी सुमारे चौघे स्थूल आहेत त्या देशात या औषधांवर झुंबड उडाली, यात नवल नाही. कारखाने मागणीला पुरे पडेनात. २०२२ साली ही औषधे सरकारी तुटवड्याच्या यादीत गेली, आणि यादीत असलेल्या औषधाची नक्कल करण्यास मिश्रण करणाऱ्यांना कायद्याची आडकाठी उरली नाही. शिवाय किंमत! वेगोवी बाजारात आले तेव्हा महिन्याच्या औषधाची छापील किंमत सुमारे १,३५० डॉलर होती, आणि पुष्कळ विमा कंपन्या वजनासाठी ती देण्यास तयार नव्हत्या. मिश्रण करून दिलेले औषध त्याच्या लहानशा अंशात मिळे. ज्यांनी ते घेतले त्यांना उतावळे किंवा शरीराच्या डौलामागे लागलेले म्हणून हिणवणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यांत गुडघे निकामी होत चाललेले होते, रक्तदाबाचे होते, आणि आयुष्यभर लोकांची थट्टा सोसून थकलेलेही होते.

आता धोक्याचा विचार करू. असे औषध म्हटले की भेसळ आणि विष यांचीच भीती प्रथम मनात येते. ती निराधार नाही. परंतु अधिक वेळा जे घडले ते साधे आहे. माप चुकले.

कंपनीचे वेगोवी टोचणीच्या लेखणीत मिळे. एका लेखणीत एकच मात्रा भरलेली. रुग्णाने ती कातडीवर दाबायची इतकेच. मिश्रणाचे औषध पुष्कळदा कुपीत येई. त्यात कित्येक मात्रा एकत्र असत, आणि दर आठवड्याची मात्रा रुग्णाने सिरिंजमध्ये स्वतः ओढून घ्यायची असे. सिरिंज इन्शुलिनची. तिच्यावर रेषा आहेत त्या युनिटच्या; मात्रा सांगितली जाते मिलिग्रॅममध्ये; आणि कुपीवर लिहिलेले असते की एका मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम. तीन भाषांत लिहिलेला हा हिशेब, आणि तो सोडवायचा कोणी? ज्याने जन्मात कधी सुई हातात धरली नाही त्याने!

श्रोत्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम औषध घ्यावयाचे असते. कुपीत एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असेल, तर ही मात्रा म्हणजे ०.०५ मिलिलिटर. अमेरिकेतील सिरिंजवर एका मिलिलिटरच्या १०० रेषा असतात, तेव्हा ही मात्रा भरली पाचव्या रेषेपर्यंत. दुसऱ्या दुकानातील कुपी मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅमची असली, तर तीच मात्रा दहाव्या रेषेपर्यंत जाईल. कोणी पाचाऐवजी पन्नास रेषा भरल्या तर २.५ मिलिग्रॅम औषध अंगात गेले. वेगोवी घेणारा रुग्ण चार पायऱ्या, म्हणजे सोळा आठवडे चढून २.४ मिलिग्रॅमच्या मात्रेला पोचतो. येथे त्याहून अधिक औषध पहिल्याच दिवशी! आणि युनिट हा शब्दच मुळी फसवा आहे. इन्शुलिनच्या बाबतीत तो औषधाचे बळ सांगतो. दुसरे औषध त्याच सिरिंजमध्ये भरले की त्याला काहीच अर्थ उरत नाही, ती केवळ काचेवरची एक रेष होते.

हे कल्पनेतले गणित नव्हे. यूटा राज्यातील विषबाधा-सल्ला केंद्राकडे आलेल्या अशा रुग्णांची हकीकत २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात दसपट औषध टोचून घेतलेले रुग्ण होते. जुलै २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने जो इशारा दिला त्यात पाचपट ते वीसपट औषध घेतले गेल्याचा उल्लेख आहे. चूक रुग्णांचीच होती असेही नाही. मिलिग्रॅमचे युनिट करताना काही डॉक्टरांचा हिशेब चुकला. एका रुग्णाला दूरध्वनी-संगणकावरून औषध देणाऱ्याकडून नीट खुलासा मिळेना, तेव्हा त्याने इंटरनेटवर सल्ला शोधला आणि पाचपट मात्रा घेतली. ओकाऱ्या, मूर्च्छा, अंगातील पाणी आटणे, स्वादुपिंडाचा दाह असे परिणाम नोंदले गेले. काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. औषध आठवडाभर टिकते हा त्याचा गुण, आणि मात्रा चुकली की तोच त्याचा दोष. एकदा टोचलेले काढून घेता येत नाही. आपल्या जुन्या बाटलीवरच्या कागदी पट्टीने जे काम केले, ते या शास्त्रशुद्ध कुपीला साधले नाही, हे नमूद करण्यासारखे आहे.

बाकीचे धोके थोडक्यात सांगता येतील. काही ठिकाणी सेमाग्लुटाइडऐवजी त्याचे सोडियम किंवा ॲसिटेट क्षार वापरले गेले. ते संमत औषधातील द्रव्य नव्हेत. कोठे त्यात ब-१२ जीवनसत्त्व मिसळून ‘खास तुमच्यासाठी’ असे म्हटले गेले, मात्र या जोडीची संमतीपूर्वीची परीक्षा झालेली नव्हती. शीत ठेवावयाचे औषध टपालाने कोमट होऊन पोचल्याच्या तक्रारीही आल्या.

निर्जंतुकतेचा प्रश्न मात्र इतक्या थोडक्यात सोडता येत नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम येथील अशाच एका मिश्रणकेंद्रातून पाठदुखीसाठी गेलेल्या इंजेक्शनांत बुरशी निघाली. वीस राज्यांत ७५० हून अधिक लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक दगावले. त्या आघाताने २०१३ साली नवा कायदा आला. मोठ्या प्रमाणावर मिश्रण करणाऱ्यांसाठी नोंदणी, कारखान्याचे नियम व सरकारी तपासणी अशी वेगळी व्यवस्था त्याने केली. चिठ्ठीवर औषध देणारी नेहमीची दुकाने त्या कडक नियमांच्या बाहेरच राहिली. दुष्परिणाम केंद्रीय प्रशासनाला कळविण्याचे बंधनही त्यांच्यावर नाही. एप्रिल २०२५ अखेर मिश्रित सेमाग्लुटाइडविषयी ५२० हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतील प्रत्येक त्रास औषधामुळेच झाला असे सिद्ध होत नाही, आणि न नोंदलेले त्रास किती याचा अंदाज या आकड्यावरून करता येत नाही.

टिर्झेपाटाइडचा तुटवडा डिसेंबर २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचा फेब्रुवारी २०२५ मध्ये संपल्याचे जाहीर झाले, आणि सरसकट नकला करण्याची मुभा त्या वर्षाच्या मे महिन्यापर्यंत मावळली.

आपल्या देशात २०२५ साली मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी विक्रीस आले. भारतातील सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. तिच्यानंतर येणारी स्वस्त जेनेरिक औषधे आणि वर वर्णिलेले मिश्रण यांत गल्लत होऊ नये. जेनेरिक औषधाला औषध नियंत्रकाची परवानगी लागते. मिश्रणामागे तशी परीक्षा नसते.

परंतु परदेशी असलेल्या मुलाने किंवा बहिणीने सामानातून एखादी कुपी आणली, तर एक गोष्ट अवश्य पाहावी. आपल्याकडे इन्शुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या आहेत. लाल टोपीच्या सिरिंजवर मिलिलिटरच्या ४० रेषा असतात, नारिंगी टोपीच्या सिरिंजवर १००. ‘दहा युनिट’ ही अमेरिकेतील सूचना लाल टोपीच्या सिरिंजने पाळली, तर अडीचपट औषध अंगात जाते. म्हणून मात्रा किती मिलिग्रॅम, म्हणजे किती मिलिलिटर, आणि कोणत्या सिरिंजने, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. चुकून अधिक औषध गेलेच, तर उलटी होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. या औषधावर उतारा नाही; सलाइन, साखरेची तपासणी आणि देखरेख हाच उपचार, आणि तो काही दिवस चालू शकतो. जाताना कुपी व वापरलेली सिरिंज बरोबर न्यावी, कारण किती औषध गेले याचा हिशेब डॉक्टरांना त्यांवरूनच मांडता येतो.