खोड नसलेला वड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



प्रवासाची हकीकत सांगण्यासाठी मला येथे उभे केले आहे. पण कोलकात्याचे कालीमंदिर आणि व्हिक्टोरिया मेमोरियल आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. मी आज एका बागेविषयी, आणि खरे सांगायचे तर तीतील एका झाडाविषयीच बोलणार आहे.

गेल्या पौषात आम्ही माझ्या धाकट्या नणंदेकडे हावड्यास उतरलो होतो. ‘बी. गार्डन’ अशी पाटी असलेल्या बसने तिने आम्हांला शिवपूरला नेले. हुगळीच्या पश्चिम तीरावर ही बाग २७० एकरांहून अधिक जागेत पसरलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील रॉबर्ट किड यांनी ती १७८७ साली उभारली. २००९ पासून तिला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. जहाजांसाठी साग, व्यापारासाठी मसाले, आणि दुष्काळात उपयोगी पडावा म्हणून साबुदाण्याचा ताड, असे किडसाहेबांचे बेत होते. (आपल्या उपासाचा साबुदाणा तो नव्हे, तो कंदाचा!) चीनहून आणलेले चहाचे बी १८३५ च्या सुमारास येथेच रुजवून त्याची रोपे आसाम व कुमाऊंकडे पाठवली गेली. तेव्हा सभेनंतर चहा घेताना या बागेची आठवण ठेवायला हरकत नाही.

ताडांच्या रांगा, तळी, परातीसारखी काठ वळलेली कमळाची पाने हे सारे पाहता पाहता पाय दुखू लागले. मी म्हटले, “वन्सं, तो मोठा वड आहे तरी कुठे?” त्या हसून म्हणाल्या, “वहिनी, समोर पाहा ना! हे सगळे एकच झाड आहे.”

मी ज्याला राई समजत होते तो वड होता. त्याच्या तीन हजारांहून अधिक पारंब्या जमिनीत उतरून खांबांसारख्या उभ्या आहेत. वय निदान अडीचशे वर्षे. म्हणजे बाग झाली तेव्हा तो तेथे होताच. भोवती रस्ता बांधला, तर वड रस्ता ओलांडून पलीकडे गेला! पण नवल पुढेच आहे. या वडाला मूळ खोडच नाही. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली, आणि सुमारे पन्नास फूट घेराचे ते खोड अखेर १९२५ साली काढून टाकावे लागले. तरीही झाड वाढतेच आहे. कोवळी पारंबी नीट जमिनीपर्यंत पोचावी म्हणून माळी तिला पोकळ बांबूतून खाली आणतात. २०२० च्या अंफान वादळात काही पारंब्या कोसळल्या, त्यांचीही अशीच शुश्रूषा झाली.

तो बांबू पाहून, भगिनींनो, मला माझीच लाज वाटली. सासूबाई गावी नदीकाठच्या वडाला सूत गुंडाळीत. मी शहरात आल्यापासून बावीस वर्षे बाजारातून फांदी आणते, पाटावर ठेवून पूजा करते, आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्याच्या गाडीत जाते. गेल्या वर्षी तर आपल्या मंडळानेच सामुदायिक पूजेसाठी दोन मोळ्या फांद्या आणवल्या. त्या कुठून आल्या असतील? पोस्टामागच्या वडाची रस्त्याकडची बाजू आठवडाभर आधीच ओरबाडलेली मी पाहिली होती, आणि गप्प बसले. सात जन्मांचे मागणे ज्याच्यापाशी मागायचे त्याचेच हात तोडून घरी आणायचे, हे मला आता जमणार नाही.

कोणाला राग आला असल्यास क्षमा करावी. काहीजणींचे गुडघे दुखतात, काहीजणींना कचेरीची वेळ गाठायची असते, हे मी जाणते. म्हणून येत्या ज्येष्ठ पौर्णिमेस पूजा पोस्टामागच्या वडापाशीच व्हावी, सकाळी सहापासून असावी, आणि वयस्कर भगिनींच्या रिक्षांचा खर्च मंडळाने करावा, अशी लेखी सूचना मी चिटणीसबाईंकडे दिली आहे. ती मंजूर होवो न होवो, मी सूत घेऊन सहा वाजता तेथे असेन.