नकाशा सरकारचा, भिंत आपली

(महिला प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सदस्य ताईंनी केलेलं भाषण. शक्यतो त्यांच्याच शब्दांत छापत आहोत.)



मला सांगितलं होतं, ताई, घरासाठीच्या कर्जावर दहा मिनिटं बोला. मी बोलणार आहे भूकंपावर. दोन्हीचा संबंध काय, ते पुढं कळेलच.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा नवी नवरी, औसा तालुक्यातच दिलेली. आमच्या घराची मागची भिंत पूर्ण आत आली. सासूबाई उकडतं म्हणून ओसरीवर निजल्या होत्या, म्हणून वाचल्या. बाकी काही पुण्याई नव्हती, बायांनो. जागा बदलली एवढंच.

पुढं घरदुरुस्तीच्या कामात आम्हा गावच्या बायांना संवाद सहायक म्हणून घेतलं. तिथं इंजिनिअर साहेबांना मी विचारलं, "साहेब, हे होणार हे तुम्हाला कळलं कसं नाही?"

त्यांनी एक नकाशा दाखवला. इंजिनिअर लोकांचं एक पुस्तक असतं, भारतीय मानक १८९३. ते साल नव्हे, पुस्तकाचा नंबर आहे. त्यात देशाचे धोक्याप्रमाणे भाग पाडलेत, त्यांना झोन म्हणतात. किल्लारी कुठं होती? झोन एकमध्ये. म्हणजे सगळ्यात कमी धोका!

नकाशा करताना काय बघतात? मागं कुठं किती मोठे भूकंप झाले, जमिनीत भेगा कुठं आहेत, यंत्रावर किती धक्के नोंदले गेले, आणि धक्का लांब जाताना किती कमी होतो. पण लिहून ठेवलेल्या नोंदी असून असून शे-दोनशे वर्षांच्या. आपल्या दख्खनच्या पोटातली एखादी भेग हजारो वर्षं गप्प बसू शकते. मग ती नोंदीत कशी दिसणार? १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीत बारीक धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. पण पुढं एवढं मोठं होईल, हे कुणाला सांगता आलं नाही.

कोयनेचंही तेच. तिथं ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला आणि १९७० मध्ये नकाशा बदलला. किल्लारीनंतर २००२ मध्ये पुन्हा बदलला. झोन एक काढूनच टाकला आणि लातूरचा हा भाग तीनमध्ये घेतला. म्हणजे नकाशाही ठेच लागल्यावर शिकतो. तो खोटा नाही, कामाचाच आहे. पण "आपल्याकडं काही होत नाही" असं त्याच्या भरवशावर म्हणू नका.

आता नकाशाचा हिशेब घरापर्यंत कसा येतो, ते बघा. इंजिनिअर आधी घराचं वजन काढतो. मग त्या वजनाचा काही हिस्सा आडवा जोर म्हणून धरतो. किती हिस्सा, ते झोन, खालची जमीन, घराची उंची आणि बांधणी यांवर ठरतं. २००२ च्या मानकात झोन दोनला ०.१०, तीनला ०.१६, चारला ०.२४, पाचला ०.३६ असे आकडे दिले होते, तिथून गणित सुरू व्हायचं. आपण एवढंच ध्यानात ठेवायचं : घर जितकं जड, तितका धक्का जोराचा.

आपलं माळवद घ्या. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चाळीस-पंचेचाळीस क्विंटल. तेवढ्याच जागेवर पत्रा टाकला तर पाईप धरून दोन क्विंटलसुद्धा भरत नाही. आणि दर पावसाळ्याला गळतं म्हणून आपण वर आणखी पांढरी माती टाकत गेलो! खाली भिंत मातीत रचलेल्या गोट्यांची. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भर. हलली की दोन्ही थर सुटतात. ज्या घरांत लाकडी खांब घट्ट होते, तिथं काही ठिकाणी भिंती गेल्या पण माळवद खांबांवर उभं राहिलं. हे मी डोळ्यानं पाहिलंय.

गावातल्या घराचं गणित कुणी करत बसत नाही. म्हणून मानकात साधे नियम दिलेत. कर्ज देताना आपल्या गटानं एवढं विचारावं :

१. दारं-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? किमान ३ इंच जाड, आत दोन सळया. सळई कोपऱ्यात तोडायची नाही, वळवून पुढं न्यायची.

२. दगडी भिंत असेल तर आरपार जाणारे लांब दगड आहेत का? उंचीत दर दोन फुटांना, आडवे चार-चार फुटांवर.

३. दार-खिडकी कोपऱ्यापासून दीड फूट तरी लांब आहे का?

४. जुनं घर असेल तर भिंतीनं पोट काढलंय का? कोपऱ्यात उभी चीर आहे का? असेल तर आधी दुरुस्ती, मग रंग.

५. माळवदावर जादा माती आहे का? ती उतरवायला पैसे कमी आणि फायदा जास्त.

आता माझीच चूक सांगते. धाकट्या लेकाची खोली बांधताना गवंडी म्हणाला, "मावशी, एवढ्या खोलीला पट्टा कशाला? पैसे वाचतील." आणि एवढं शिकलेली मी गप्प बसले! पाहुण्यांसमोर गवंड्याशी कुठं वाद घालायचा, म्हणून. वाचलेल्या पैशाची फरशी आली. आज नातवंडं त्या खोलीत झोपतात आणि मला रात्री जाग येते. पट्टा मागाहून बाहेरून बसवता येतो, जाळी आणि सिमेंट लावून, पण खर्च वाढतो. यंदा त्यासाठीच मी गटाकडं अर्ज केलाय.

बहिणींनो, बऱ्याच घरकुलांवर आता आपलं नाव आहे. हप्ता आपण फेडतो. मग पट्टा टाकायचा का नाही, हे गवंड्यानं एकट्यानं का ठरवावं? माझी सूचना अशी : घरबांधणी वा दुरुस्तीचं कर्ज देताना हे पाच प्रश्न अर्जाला जोडावेत. गटाच्या दोघींनी जागेवर जाऊन बघावं. कर्जाचा दुसरा हप्ता पट्टा डोळ्यानं पाहिल्यावरच सोडावा. कुणाचं कर्ज अडवायचं म्हणून हे नाही. पट्ट्याला पैसे कमी पडत असतील तर तेवढे जास्त द्या.

भूकंप कधी येईल, ते तुम्हाला सांगता येत नाही, मला नाही, साहेबालाही नाही. भिंत कशी आहे, ते मात्र आज संध्याकाळी घरी गेल्या गेल्या बघता येतं. तेवढं बघा. पुढच्या मासिक सभेत ठराव घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!