इफेमरल म्हणजे तेरडा



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. तेवढ्यात तुम्हाला आपल्या दहावीच्या वर्गात नेतो. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर शब्द लिहिला होता : इफेमरल. मूळ ग्रीक. 'एपि' म्हणजे वर, 'हेमेरा' म्हणजे दिवस. जे एका दिवसापुरतं, ते इफेमरल. हा शब्द आधी वापरला जाई तो एका दिवसात उतरणाऱ्या तापासाठी आणि पंख फुटल्यावर दिवसभरात मरणाऱ्या किड्यांसाठी. पुढे तो साऱ्याच अल्पायुषी गोष्टींना लागला.

सरांनी मराठी शब्द विचारला. मी ऐटीत 'क्षणभंगुर' म्हणालो. मागच्या बाकावरून आपला कोल्हीचा दोस्त म्हणाला, "तेरडा, सर!" वर्ग हसला. सर म्हणाले, "हसू नका. तेरड्याचा रंग तीन दिवस. म्हणजे ग्रीकांपेक्षा आपण दोन दिवस जास्तच दिले!"

पनवेलजवळचं ते कोल्ही आता तिथे नाही. विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याचा डोंगर सपाट झाला, नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. टीव्हीसमोर मी टाळ्या वाजवल्या आणि मग मला हा आठवला. फोन केला. थोडा वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "घर सोडताना परसातल्या तेरड्याची बोंडं घेतली होती. अजून आमची गौर त्याच तेरड्याची असते."

मित्रांनो, आपली म्हण रंगापाशी थांबते. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फुटतं आणि बी लांब उडतं, हे म्हणीत नाही. ते याला ठाऊक होतं.

त्याच ग्रीक मुळापासून आणखी एक शब्द झाला, 'इफेमेरिस'. ग्रहांची रोजची स्थिती सांगणारी कोष्टकं, आपल्या पंचांगासारखी. दिवस जातो, म्हणूनच त्याची नोंद ठेवायची.

जुनी तिकिटं, हस्तपत्रकं अशा टाकाऊ कागदांना संग्राहक 'इफेमेरा' म्हणतात. तुमच्या ट्रंकेत स्नेहसंमेलनाची पत्रिका, सहलीचा फोटो, सरांच्या अक्षरातला शेरा असेल, तर रद्दीत देऊ नका. संयोजकांकडे द्या.

आणि कोल्हीच्या दोस्ता, यंदा थोडं बी मलाही दे. माझ्या गॅलरीत एक कुंडी रिकामी आहे.